पोटातला जोड आणि खिशातला नकाशा



सैन्यातला माणूस बोलायला उभा राहिला की लोकांना सीमेवरची गोष्ट ऐकायची असते. मी आज पोटाबद्दल बोलणार आहे. कॅन्सरमुळे जठराचा काही भाग दुर्बिणीतून काढून टाकला, तर उरलेलं जठर आतड्याला परत कसं जोडतात आणि ते कसं जोडलंय हे रुग्णाला स्वतःला का माहीत असावं, हा आजचा विषय.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. विज्ञानाचा पदवीधर आहे. जवळजवळ तीस वर्षं कोअर ऑफ इंजिनिअर्समध्ये काढली, कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि आता महूला राहतो. सहा वर्षांपूर्वी माझ्या जठराच्या खालच्या भागात कॅन्सर निघाला. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि जठराचा सुमारे दोन तृतीयांश भाग गेला. त्यानंतर भेटायला आलेल्या प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला, "किती काढलं हो?" "जोडलं कसं?" हे कोणीही विचारलं नाही. पुढची सहा वर्षं मात्र माझं जेवण, माझी रक्ततपासणी आणि एकदा तर माझा जीव, सगळं त्या न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहिलं.

ब्रीफिंगला आमच्याकडे क्रम असतो. आधी जमीन समजून घ्यायची, मग काम, मग धोके, शेवटी सूचना. त्याच क्रमानं जाऊ.

आधी जमीन. जठर ही एक वाकडी पिशवी आहे. वरून अन्ननलिका येते. खालच्या टोकाला पायलोरस नावाची झडप असते. ती घुसळलेलं अन्न थोडं थोडं पुढे सोडते. झडपेच्या पुढे लहान आतड्याचा पहिला, साधारण वीतभर लांबीचा भाग लागतो, त्याला ड्युओडेनम म्हणतात. यकृतातून येणारं पित्त आणि स्वादुपिंडाचा पाचकरस इथेच येऊन मिळतो. हा भाग स्वादुपिंडाला मिठी मारल्यासारखा वळलेला आणि पोटाच्या मागच्या भिंतीला चिकटलेला असतो, त्यामुळे तो फारसा हलवता येत नाही. त्याच्या पुढचं आतडं, जेजुनम, मात्र सैल असतं. ते उचलून वर आणता येतं. कुठलं टोक हलतं आणि कुठलं हलत नाही, एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं समजेल.

खालच्या भागातला कॅन्सर काढताना जठराचा तो भाग, ती झडप आणि आजूबाजूच्या लसिका ग्रंथी असं सगळं काढावं लागतं. मागे राहतात दोन उघडी तोंडं. एक उरलेल्या जठराचं आणि एक ड्युओडेनमचं. अन्नाला रस्ता द्यायचा आणि पित्तालाही रस्ता द्यायचा. हे करण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत आणि तिन्ही एकोणिसाव्या शतकातल्या आहेत, हे वाचून मला आश्चर्य वाटलं होतं.

पहिली पद्धत थिओडोर बिलरोथ यांची. व्हिएन्नामध्ये २९ जानेवारी १८८१ रोजी त्यांनी थेरेसा हेलर या ४३ वर्षांच्या बाईंच्या जठराचा खालचा, कॅन्सर झालेला भाग काढला आणि उरलेलं जठर थेट ड्युओडेनमला शिवलं. त्याआधी पॅरिसमध्ये पेआँ यांनी १८७९ साली आणि पोलिश सर्जन रिडिगर यांनी १८८० साली हाच प्रयत्न केला होता, पण त्यांचे रुग्ण वाचले नव्हते. हेलरबाई शस्त्रक्रियेतून उठल्या, जेवू लागल्या, घरी गेल्या. सुमारे चार महिन्यांनी कॅन्सर पसरल्यामुळे त्या वारल्या, पण रेशमी धाग्यानं शिवलेला जोड टिकला होता. याला आजही बिलरोथ-एक म्हणतात. अन्न पूर्वीच्याच वाटेनं जातं आणि जोड एकच करावा लागतो. अडचण एवढीच की ड्युओडेनम हलत नाही. फार जठर काढलं असेल तर उरलेला तुकडा तिथपर्यंत ताण न देता पोचायला हवा. ताणावर बसवलेला जोड कुठलाही असो, तो सुटतो. हे मला कोणी सर्जननं शिकवायची गरज नव्हती.

दुसरी पद्धतही बिलरोथ यांचीच, १८८५ सालची. एका रुग्णाची गाठ मोठी होती, म्हणून गाठ न काढता जठर आणि जेजुनम जोडून अन्नाला पर्यायी रस्ता द्यायचा, असं ठरलं होतं. रुग्णाची प्रकृती टेबलावर बरी राहिली म्हणून त्यांनी पुढे जाऊन गाठही काढली आणि ड्युओडेनमचं तोंड शिवून बंद केलं. ही बिलरोथ-दोन. जेजुनमचा सैल वेढा वर आणायचा आणि त्याच्या कडेला जठर जोडायचं. ताण येत नाही, कितीही जठर काढता येतं. पण पित्ताची वाट आता जठराच्या तोंडावरूनच जाते. त्यामुळे पित्त जठरात उलटं येऊन आतलं अस्तर सुजण्याची शक्यता या पद्धतीत जास्त. त्यावर उपाय म्हणून वेढ्याचे दोन पाय खाली एकमेकांना जोडून पित्ताला आडवाट देतात. त्याला ब्राऊनचा जोड म्हणतात.

तिसरी पद्धत स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातले सर्जन सेझार रू यांच्या नावानं ओळखली जाते. रू-एन-वाय. इथे जेजुनम आधी आडवं कापतात. खालचं टोक वर आणून जठराला जोडतात. पित्त घेऊन येणारं वरचं टोक त्याच आतड्याला खाली, साधारण ४० सेंटिमीटर अंतरावर जोडतात. इंग्रजी वाय अक्षराचे दोन हात डोळ्यासमोर आणा. एका हातातून अन्न येतं, दुसऱ्यातून पित्त, आणि दोघं खाली भेटतात. एवढ्या अंतरामुळे पित्त जठरापर्यंत सहसा चढत नाही. किंमत अशी की जोड दोन झाले, ड्युओडेनमचं बंद केलेलं तोंडही सांभाळायचं, काही रुग्णांमध्ये वर आणलेलं आतडं सुस्त राहून अन्न तुंबतं, आणि आतड्याची नवी मांडणी केल्यामुळे पोटात नव्या फटी तयार होतात. या फटींकडे मी परत येणार आहे.

आता दुर्बिणीकडे. जपानमध्ये सेइगो कितानो यांनी १९९१ साली जठराच्या कॅन्सरसाठी दुर्बिणीच्या मदतीनं ही शस्त्रक्रिया केली आणि बिलरोथ-एक जोड दिला. पुढच्याच वर्षी सिंगापूरमध्ये पीटर गो यांनी अल्सरच्या रुग्णावर बिलरोथ-दोन जोड संपूर्णपणे पोटाच्या आत, दुर्बिणीतूनच केला. कापणं दुर्बिणीतून तुलनेनं लवकर जमलं. जोडणं अवघड होतं. लांब काठीच्या टोकाला सुई धरून, पडद्यावर बघत, ओल्या निसरड्या आतड्याला टाके घालायचे, ही कल्पना करून बघा. म्हणून बरीच वर्षं पद्धत अशी होती की जठर दुर्बिणीतून सोडवायचं आणि शेवटी पोटावर छोटा छेद घेऊन जोड मात्र बाहेरून करायचा. रुग्ण जाड असेल तर त्या छोट्या छेदातून खोलवर काम करणं हातांची परीक्षाच.

हे सोपं केलं स्टेपलरनं. हे यंत्र मुळात जुनं आहे. बुडापेस्टमध्ये हुल्टल यांनी १९०८ साली पहिला सर्जिकल स्टेपलर वापरला होता. आजचा दुर्बिणीतला सरळ स्टेपलर पातळ, लांब आणि वळणारा असतो. दोन नळ्या त्याच्या जबड्यात धरल्या की तो टायटॅनियमच्या बारीक पिनांच्या रांगा दोन्ही बाजूंना मारतो आणि मधून पातं फिरवून दोन्ही नळ्यांची भिंत उघडतो. शिवणं आणि उघडणं एकाच दाबात. स्टेपलर घालण्यासाठी केलेलं भोक मागाहून पिनांनी किंवा टाक्यांनी बंद करायचं.

२००२ साली जपानच्या सेइइचिरो कानाया यांनी या सरळ स्टेपलरनं बिलरोथ-एक जोड पूर्णपणे पोटाच्या आत करण्याची एक युक्ती प्रसिद्ध केली. जठर आणि ड्युओडेनम यांच्या मागच्या भिंती एकमेकींना लावून स्टेपल करायच्या आणि समोरचं भोक आडवं बंद करायचं. आतून बघितलं तर जोड त्रिकोणी दिसतो, म्हणून त्याला डेल्टा जोड म्हणतात. त्रिकोणामुळे तोंड रुंद राहतं. तत्त्व १८८१ सालचंच, हत्यार बदललं.

दुर्बिणीनं केलं तर कॅन्सर मागे राहील का, ही शंका घरचे सगळे विचारतात. याचं उत्तर दक्षिण कोरियातल्या १३ रुग्णालयांनी १,४१६ रुग्णांवर केलेल्या चाचणीनं दिलं. कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या या रुग्णांपैकी दुर्बिणीच्या गटातले ९४.२ टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेच्या गटातले ९३.३ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. म्हणजे फरक नाही. पुढे गेलेल्या आजारात निर्णय आणखी बऱ्याच गोष्टी बघून होतो, केमोथेरपीही आधी आणि नंतर द्यावी लागू शकते. ते तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं.

मग या तिघांतला चांगला जोड कोणता? असा एक विजेता नाही. जपानमध्ये बिलरोथ-एक आणि रू-एन-वाय जास्त होतात, कोरियात दोन्ही बिलरोथ बरेच होतात, आणि सगळीकडे उत्तम सर्जन आहेत. पहिला हक्क कॅन्सरचा. गाठीपासून पुरेसं अंतर ठेवून कापायचंच, त्यानंतर जेवढं उरेल तेवढ्यात जोड बसवायचा. उरलेलं जठर लांब असेल तर बिलरोथ-एकचा विचार होतो. लहान असेल किंवा रुग्णाला आधीपासून छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं असा त्रास असेल तर रू-एन-वायकडे कल जातो. त्यात सर्जनचा हात कशावर बसलेला आहे हेही मोजायचं. माझं जठर थोडंच उरलं होतं आणि ॲसिडिटी माझी जुनी सोबतीण. मला रू-एन-वाय मिळाला.

शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना मी सर्जनसाहेबांकडे एक वस्तू मागितली. आमच्याकडे पूल किंवा इमारत बांधून झाली की 'ॲज-बिल्ट' नकाशा देतात. आधीच्या आराखड्यात काय होतं ते त्यात नसतं. प्रत्यक्षात काय बांधलं ते असतं. म्हटलं, "साहेब, माझ्या पोटाचा ॲज-बिल्ट द्या." ते हसले, पण त्यांनी ओपीडीच्या कागदामागे बॉलपेननं चित्र काढून दिलं. किती जठर उरलं, आतडं कुठे जोडलं, दुसरा जोड किती सेंटिमीटरवर, आतडं मोठ्या आतड्याच्या पुढून वर नेलं की मागून, आणि फटी टाक्यांनी बंद केल्या आहेत की नाहीत. मी तो कागद लॅमिनेट करून पाकिटात ठेवला. सौ. म्हणाल्या, "लोक देवाचा फोटो ठेवतात, तुम्ही आतड्याचा ठेवा."

तीन वर्षांनी आम्ही लेकीकडे हैदराबादला गेलो होतो. रात्री अकराच्या सुमारास पोटात कळ सुरू झाली. कळ यायची, ओसरायची, पुन्हा दुप्पट जोरानं यायची. उमाळे येत होते, पण उलटी होत नव्हती. इमर्जन्सीत ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होती. मराठी तिला येत नव्हतं, माझी फाइल महूला होती आणि मला वाक्य पुरं बोलवत नव्हतं. लेकीनं पाकिटातला कागद काढून तिच्या हातात दिला. तिनं तो दहा सेकंद पाहिला, माझं पोट तपासलं आणि लगेच वरिष्ठ सर्जनना फोन करून सीटी स्कॅन मागवला.

रू-एन-वायमध्ये वर आणलेल्या आतड्याच्या मागे एक फट राहते. जर्मन सर्जन पीटरसन यांच्या नावानं ती ओळखली जाते. दुसरी फट खालच्या जोडापाशी. या फटीतून आतडं सरकून पिळलं गेलं तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो. याला अंतर्गत हर्निया म्हणतात. बाहेरून फुगवटा दिसत नाही, साधा एक्स-रे फसवू शकतो, आणि उशीर झाला तर आतडं काळं पडतं. माझ्या फटी टाक्यांनी बंद केल्या होत्या. पण शस्त्रक्रियेनंतर माझं वजन सोळा किलो उतरलं, आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातली चरबी आटली आणि एक फट पुन्हा उघडली, असं सर्जननी नंतर समजावलं. सीटीमध्ये रक्तवाहिन्यांना पीळ पडलेला दिसला. पहाटे चारला मला टेबलावर घेतलं. आतडं निळसर झालं होतं, पीळ सोडवल्यावर पुन्हा गुलाबी झालं. कापावं लागलं नाही. नंतर ती तरुण डॉक्टर मला म्हणाली, "अंकल, पोटदुखीचे पेशंट रोज रात्री येतात. तुमच्या कागदामुळे मला पहिल्या मिनिटालाच समजलं की कुठे बघायचं."

हा कागद जवळ नसला तर काय होतं, तेही मी पाहिलं आहे. केमोच्या वेळी ओळख झालेल्या एका गृहस्थांच्या डिस्चार्ज कार्डावर एवढंच होतं, 'गॅस्ट्रेक्टॉमी केली.' जठराच्या शस्त्रक्रियेनंतर पित्ताशयात खडे होण्याचं प्रमाण वाढतं. त्यांचा एक खडा पित्तनलिकेत अडकला आणि दुसऱ्या गावी असताना कावीळ झाली. असा खडा एरवी तोंडातून दुर्बीण घालून काढतात, त्याला ईआरसीपी म्हणतात. बिलरोथ-एक असेल तर ही वाट जवळजवळ नेहमीचीच. बिलरोथ-दोन असेल तर उलट्या बाजूनं शिरावं लागतं. रू-एन-वाय असेल तर नेहमीची दुर्बीण बहुतेक वेळा पोचतच नाही, वेगळी लांब दुर्बीण किंवा यकृतातून वाट काढावी लागते. त्यांचा जोड कोणता हे कळायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत ताप चढला. ते बरे झाले, पण ते दोन दिवस त्यांच्या घरच्यांनी कसे काढले ते मला माहीत आहे.

आता रोजच्या जेवणाबद्दल थोडक्यात. झडप गेली की अन्न आतड्यात एकदम उतरू शकतं. गोड खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात मुरडा, याला डंपिंग म्हणतात. काहींना दोनेक तासांनी साखर उतरून गळाल्यासारखं होतं. मी दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खातो, पाणी जेवणाबरोबर न पिता मागाहून पितो, आणि श्रीखंड वाटीवरून चमच्यावर आलं आहे. भाकरी चालते, फक्त चावायला वेळ लागतो. बी-१२ शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो, तो कमी झाला. यकृतात साठा असल्यामुळे कमतरता काही वर्षांनी दिसते, तोवर माणूस गाफील झालेला असतो. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः ड्युओडेनमपाशी शोषलं जातं. बिलरोथ-दोन आणि रू-एन-वायमध्ये अन्न ती वाट टाळून जातं, म्हणून या दोन्हींत रक्त आणि हाडं जास्त नेमानं तपासून घ्यावीत. इथेही उत्तर जोडावरच येऊन थांबतं.

आता सूचना. शस्त्रक्रिया व्हायची असेल तर सर्जनना नम्रपणे पाच गोष्टी विचारा. कोणता जोड देण्याचा विचार आहे? तोच का? आत गेल्यावर बदलावा लागला तर दुसरा कोणता? फटी बंद करणार का? आणि तुमचा हात कोणत्या जोडावर जास्त बसलेला आहे? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. माझे तर खुर्ची ओढून बसले.

शस्त्रक्रिया होऊन गेली असेल तर डिस्चार्ज कार्डावर थांबू नका. 'ऑपरेशन नोट' मागा, प्रत्यक्षात काय केलं ते तिथे लिहिलेलं असतं. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार दाखल रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायची असते आणि रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीनं मागितली तर ७२ तासांत द्यायची असते. तीन वर्षं हा आकडा नीट ऐका. माझी कळ तीन वर्षांनीच आली होती. नोंद आजच मागून घ्या, फोनमध्ये फोटो ठेवा, पाकिटात कागद ठेवा, आणि घरातल्या एका माणसाला तो कुठे आहे ते दाखवून ठेवा.

वजन कमी करण्यासाठी गॅस्ट्रिक बायपास करून घेतलेल्या मंडळींनाही हे सगळं लागू आहे. त्यांच्या पोटातही बहुधा हाच वाय असतो आणि तीच फट. अशा कोणालाही अचानक, लाटांसारखी पोटदुखी सुरू झाली तर गॅसेसची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका.

आपल्यापैकी पुष्कळ जण इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, बंगळुरू असे विखुरलेले आहेत. शस्त्रक्रिया एका गावात होते, मुलं दुसऱ्या गावात असतात आणि दुखणं तिसऱ्याच गावात उठतं. तिथला डॉक्टर तुमची भाषा बोलत नसेल, तुमचा सर्जन फोन उचलत नसेल. 'रू-एन-वाय, ४० सेंटिमीटर' ही ओळ मात्र त्याला कुठल्याही राज्यात वाचता येते.

खाली प्रश्न लिहा, मला जमतील तेवढ्यांची उत्तरं देईन. औषधाचे प्रश्न मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारा.

जय हिंद.